श्वासाच्या चार वड्या

मनमाडच्या बाईला घरात रिकामं भांडं दिसलं की चैन पडत नाही. ज्या गावात एकेकाळी वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी यायचं, तिथे शोभना आहिररावनं चव्वेचाळीस वर्षं संसार केला होता. पाणी आलं की टाकी, पिंप, हंडे, कळश्या, मग कुकर, दुधाचं पातेलं आणि शेवटी वाट्या-पेलेसुद्धा भरून ठेवायचे, हा तिचा धर्म होता. पुढे मोठी पाइपलाइन आली, पाणी दिवसाआड मिळू लागलं, तरी धर्म काही सुटला नाही. भास्करराव तिची थट्टा करायचे. म्हणायचे, ही स्वर्गात गेली तरी आधी अमृताचे हंडे भरून ठेवील आणि मग देवाच्या पाया पडेल.

दोन वर्षांपूर्वी त्यांची थट्टा थांबली, कारण तेव्हापासून शोभना पाण्याबरोबर त्यांचा श्वासही भरून ठेवू लागली.

रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनवणाऱ्या वर्कशॉपात फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. मऊ स्पंज वाळून कडक व्हावा तसं काहीतरी, असं डॉक्टरांनी समजावलं. कारण विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. जिना चढणं बंद झालं, मग बाजार बंद झाला, मग अंघोळीनंतर दहा मिनिटं पलंगावर बसून राहणं आलं.

नशीब एवढंच, की हे सगळं २०४१ साली घडत होतं. प्राणवायूचे अवजड सिलिंडर एव्हाना भंगारात गेले होते आणि त्यांच्या जागी वड्या आल्या होत्या. कंपनीनं त्यांना भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण धातूच्या डबीतला तो ठोकळा कपडे धुण्याच्या जुन्या लांब साबणाएवढा असे, म्हणून लोकांनी त्याला वडी म्हटलं आणि तेच चालू झालं.

वडीत कोबाल्टचे स्फटिक असत. आपल्या रक्तातलं लोह फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि शरीरभर पोचवतं. हे स्फटिक तेच काम करत, फक्त कितीतरी जास्त हावरेपणानं. झाकण उघडलं की आजूबाजूच्या हवेतला प्राणवायू तेवढा वेचून आत ओढायचा आणि बाकीच्या हवेला हातही लावायचा नाही. गार असताना घ्यायचा, ऊब मिळाली की सोडायचा. रुग्णाच्या कमरेच्या पट्ट्यातलं यंत्र एका वेळी एक वडी हलकेच तापवी आणि त्याच्या श्वासाच्या तालावर नळीतून नाकात प्राणवायू सोडी. एक वडी तीन तास पुरायची. डबीला एक काचेची फट होती. रिकामी वडी त्यातून फिकट गुलाबी दिसे, भरली की पिकल्या जांभळासारखी काळी. भरायला वीज लागत नव्हती, की पैसे पडत नव्हते. फुकट आणि चोवीस तास मिळणारी गोष्ट भरून ठेवायची नाही, हे शोभनाच्या कल्पनेपलीकडचं होतं. एक वडी यंत्रात आणि चार जादा. रोज रात्री बेडरूमची दारं-खिडक्या घट्ट लावायची, कारण मार्चपासून चाळिशी ओलांडणाऱ्या त्या गावात एसीशिवाय झोप नाही. मग चारही वड्यांची झाकणं उघडून त्या पलंगाखाली ओळीनं मांडायच्या. सकाळी चारही फटी काळ्याशार झालेल्या बघितल्या की तिचा जीव भांड्यात पडे.

वर्षभरात मात्र शोभनाचंच काहीतरी बिघडलं.

सकाळी उठली की ती डोकं धरून बसे. दूध गॅसवर ठेवून देवळात गेली आणि परत आली तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. ओवीला, म्हणजे आठ वर्षांच्या नातीला, शाळेतून आणायला निघाली आणि थेट स्टेशनवर जाऊन बाकावर बसली. तिथल्या एका ओळखीच्या हमालानं तिला घरी आणून सोडलं. मुलगा हर्षल काळजीत पडला. सून केतकी तोंडानं काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून ओवी आजीजवळ एकटी राहिली नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी असायचंच, काही ना काही निमित्त काढून. शोभनाच्या ते ध्यानात यायला दोन दिवस पुरले.

नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांची दसऱ्यानंतरची वेळ मिळाली. ती ठरली त्या संध्याकाळी शोभना भास्कररावांना म्हणाली, "अहो, मला एकदा बर्फ बघायचाय. माझ्या ध्यानात राहील तोवर."

चव्वेचाळीस वर्षांत तिनं काही मागितल्याचं भास्कररावांना आठवत नव्हतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारलं. वड्या बरोबर असतील आणि रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या बोटातल्या अंगठीवरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाणार नसेल, तर हिमालयातल्या एखाद्या उंच खिंडीत दोन-चार तास जाऊन यायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पूर्वी असा रोगी महाबळेश्वरलासुद्धा नेला नसता कुणी. आता वड्या होत्या. सप्टेंबरच्या शेवटी आहिरराव मंडळी खाकरे, चिवडा, मेथीचे ठेपले आणि प्रत्येकी एक कानटोपी घेऊन स्पितीच्या सहलीला निघाली.

आणि नवल म्हणजे तिथे गेल्यावर शोभना खुलली. मनालीत नाही, टाबोत नाही, काझातही नाही, एकाही सकाळी तिचं डोकं दुखलं नाही. मनमाड ते भुसावळ सगळी स्टेशनं तिनं ओवीला क्रमानं म्हणून दाखवली, एकही न चुकता. भास्कररावांनी याचं श्रेय डोंगराच्या हवेला देऊन टाकलं. खोल्या लहान होत्या म्हणून वड्यांची पिशवी रोज रात्री बाहेर गॅलरीत ठेवावी लागत होती, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

काझाहून मनालीला परतताना कुंझुमची खिंड लागते. पंधरा हजार फूट. आठ सीटची विजेवर चालणारी गाडी होती, तेनझिन नावाचा तिथलाच तरुण चालक होता. खिंडीच्या थोडं अलीकडे दुपारी दोन वाजता बर्फ सुरू झाला. ओवी काचेला नाक लावून ओरडली, शोभनाही तिच्या शेजारी नाक लावून बसली. पंधरा मिनिटांत रस्ता पांढरा झाला आणि पुढची गाडी थांबली. वळणापलीकडे दरड आली आहे, असं कुणीतरी सांगत गेलं.

तेनझिननं गाडी बंद केली नाही, कारण हीटर चालू राहायला हवा होता. पण बॅटरी किती तास पुरवावी लागेल याचा नेम नव्हता. बाहेरची गार हवा आत घेऊन ती तापवण्यात फार वीज जाते, म्हणून त्यानं बाहेरची हवा बंद केली आणि आतलीच हवा आत फिरत ठेवली. डोकं जड होईल, झोप येईल, घाबरू नका, इथे सगळ्यांना तसं होतं, असं हिंदीत समजावून तो पुढे चालत दरड बघायला गेला.

शोभनानं सीटखालची पिशवी ओढली. चढणीवर भास्कररावांचं यंत्र दुप्पट वेगानं वड्या खात होतं. चारही फटी गुलाबी होत्या. यंत्रातल्या पाचवीत दीड तास उरला होता.

"किती वेळ अडकतोय कुणास ठाऊक," ती पुटपुटली आणि तिनं पटापट चारही झाकणं फिरवून काढली. पिशवी पुन्हा सीटखाली सरकवली. तिथला पत्रा हाताला चटका बसावा इतका गार होता.

"तुझी आई विसरते म्हणतोस," भास्करराव हर्षलला कौतुकानं म्हणाले. "हे बघ, हे बरं विसरली नाही."

शोभना लाजली. मग तिनं सवयीनं सगळ्यांच्या कानटोप्या खाली ओढल्या, दाराच्या फटीतून वारा येतोय म्हणून तिथे आपली जुनी शाल कोंबली, आणि ओवीला कुशीत घेऊन बसली. पलीकडून केतकीनं ओवीचे पाय आपल्या मांडीवर घेतले. बर्फ पडतच होता.

पाऊण तासानं भास्कररावांच्या लक्षात आलं की गाडीत फारच शांतता आहे.

केतकीची मान खांद्यावर कलली होती. ओवी झोपली होती. शोभना तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. झोपू देत, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी हर्षलला वेळ विचारली. हर्षल घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिला आणि हसला. "पप्पा, भुसावळ गेलं का?" असं म्हणाला आणि पुन्हा हसला. त्याचे ओठ जांभळट दिसत होते.

भास्करराव ताठ बसले. त्यांनी पुढे वाकून ओवीचा हातमोजा काढला. नखं निळी पडली होती. त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढली. तिच्यावर ब्याण्णव हा आकडा होता. ती त्यांनी ओवीच्या अंगठ्यात घातली आणि दाबून धरली. आकडा खाली घसरत गेला. एकसष्टावर थांबला. शोभनाचा बासष्ट आला.

वर्कशॉपात एक गोष्ट त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवली होती. एक बोल्ट तुटला तर दोष बोल्टात असतो. सगळे एकदम तुटले तर बोल्टाकडे बघत बसू नये, भार कुठून आला ते बघावं. इथे सगळे एकदम तुटत होते, आणि जो बोल्ट आधीच गंजलेला होता तो मात्र शाबूत होता. त्यांच्या नाकात नळी होती, म्हणून. म्हणजे दोष हवेत होता. उंचीवर हवा विरळ असते हे खरं, पण कालपर्यंत ही सगळी माणसं याच उंचीच्या आसपास फोटो काढत हिंडली होती. मग आजच या हवेतला प्राणवायू गेला कुठे?

त्यांनी सीटखाली वाकून पिशवी ओढली. चारही फटी काळ्याशार झाल्या होत्या.

माणसाचं शरीर मोठं विचित्र असतं. कोंदट हवेत त्याचा जीव घुसमटतो तो आपण सोडलेल्या वाईट हवेमुळे. नुसता प्राणवायू कमी होत गेला तर शरीर बोंब मारत नाही. गुंगी येते, मजेत वाटतं, झोप लागते, आणि त्या झोपेतून उठवायला कुणी नसलं तर माणूस उठत नाही. या गाडीत उठवायला एकच माणूस होता, आणि त्याला सहा पावलं चालली की धाप लागत होती.

त्यांनी आधी झाकणं बंद केली. तिसऱ्या झाकणाचा आटा दोनदा चुकला. मग दाराचं बटण दाबलं. मोटर कण्हली, दार जागचं हललं नाही. खालच्या खाचेत बर्फ गोठला होता. हातानं उघडायची मूठ होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्याच, हल्लीच्या गाड्यांना तशा नसतात. चालकाच्या केबिनला मधे जाड काच. आपत्कालीन हातोडी खांबाला लावलेली होती. ती काढून त्यांनी खिडकीवर एक घाव घातला, दुसरा घातला. पुलाचा रिव्हेट एका घावात बसवणारा हात होता तो. काचेवर ओरखडासुद्धा उठला नाही. तिसऱ्यांदा हात वर नेताना हातोडी गळून पडली आणि ते सीटवर कोसळले. अंगठी पुन्हा त्यांच्या बोटात होती. तिच्यावर एकोणऐंशी आकडा होता.

समोर ओवी होती.

नळी काढून तिच्या नाकाला लावायची, एवढंच करायचं होतं. हात आपोआप नळीपर्यंत गेला. आठ वर्षांची पोर आणि एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा, यात ठरवण्यासारखं काय होतं? कुठल्याही आजोबानं क्षणाचाही विचार केला नसता. भास्कररावांनी तो केला. नळी काढली की दोन मिनिटांत आपण पडणार. मग वडी संपेपर्यंत ओवी जगेल, तीही झोपेत, आणि तिच्या चारी बाजूंना मेलेली माणसं असतील. त्यांनी नळीवरचा हात काढला. नातीचे निळे ओठ बघत, तिच्या वाटचा वाटावा असा तो प्राणवायू ते स्वतः ओढत बसले. मोजून वीस श्वास. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसण्यातही ताकद घालवायची नाही म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

एकविसाव्या श्वासाला डोकं थोडं स्वच्छ झालं.

प्राणवायू कुठे गेला नव्हता. तो याच गाडीत होता, त्यांच्या पायाशी, पिशवीत. गार असताना घ्यायचा, ऊब मिळाली की सोडायचा. यंत्रात एका वेळी एकच वडी बसत होती आणि ती तासन् तास हलकेच तापायची. इतका वेळ कुणाकडे होता?

मागच्या सीटवर केतकीनं काझाहून भरून घेतलेला गरम पाण्याचा स्टीलचा मोठा थर्मास होता, रुंद तोंडाचा, सात लिटरचा. चहासाठी आणि ओवीच्या दुधासाठी. तिथपर्यंत तीन पावलं. भास्करराव ती उभ्यानं चालले नाहीत, सीट धरून धरून गुडघ्यांवर गेले. झाकण उघडल्यावर वाफ तोंडावर आली. पाणी निम्मं संपलं होतं, ते बरंच झालं. त्यांनी चारही वड्यांची झाकणं उघडली आणि तोंड पाण्याच्या वर राहील अशा बेतानं एकेक वडी आत उभी केली. पाणी काठोकाठ चढलं, थोडं बाहेर सांडलं, हाताला पोळलं.

काहीच झालं नाही. अर्धं मिनिट, एक मिनिट.

मग बारीक फुसफुस ऐकू आली. पहिल्या फटीतला काळा रंग कडेनं विटू लागला. मग दुसरीतला.

ते ओवीकडे सरकले. तिला उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी तिच्या स्वेटरला धरून तिला सीटवरून खाली ओढलं, शोभनाच्या हातातून, आणि तिचं तोंड थर्मासच्या तोंडाजवळ आणलं. फुसफुस आता मोठ्यानं होत होती. त्यांनी अंगठी तिला घातली. साठ. साठ. बासष्ट. मग आकडा अडला आणि त्यांना वाटलं, उशीर झाला. ते तिला नावानं हाका मारत राहिले, आवाज फुटत नव्हता तरी. सदुसष्ट. त्र्याहत्तर. ओवीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि ती रडू लागली. इतकं सुंदर रडणं भास्कररावांनी तिच्या जन्माच्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं.

तिच्या रडण्यानं हर्षल हलला. त्यानं डोळे उघडले, मुलगी जमिनीवर आणि बाप गुडघ्यांवर बघून तो धडपडत उठला. "दार," भास्करराव एवढंच म्हणाले. त्यानं मूठ धरली आणि पाय लावून ओढली. तिसऱ्या हिसक्याला बर्फ कडकन तुटला, शाल खाली पडली आणि वारा आत घुसला.

नंतरची दहा मिनिटं नुसत्या गोंधळाची होती. केतकीला उलटी झाली. शोभना सगळ्यात शेवटी शुद्धीवर आली आणि आधी म्हणाली, दार लावा, पोरीला थंडी वाजेल. तेनझिन धावत परतला. उंचीचा त्रास झाला, विरळ हवेत असं होतं, असं तो म्हणाला, आणि हर्षललाही तेच पटलं. दरड हटायला अजून दीड तास होता. आणि भास्कररावांच्या यंत्रात, इतक्या धडपडीनंतर, पंचवीस मिनिटं उरली होती.

"वड्या बाहेर," ते म्हणाले. "गाडीच्या बाहेर. वाऱ्यात. आणि मीही बाहेर."

त्यांना कांबळ्यात गुंडाळून, गाडीच्या आडोशाला एका ट्रंकेवर बसवलं. हर्षल दोन वड्या घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिला, तेनझिननं एक घेतली आणि चौथी शोभनानं. उघड्यावर कितीही भरा, हवेला काय तोटा. पण हवा विरळ, वड्या अजून कोमट, त्यामुळे रंग धरायला वेळ लागत होता. बर्फ थांबला होता. डोंगर उतरणीपर्यंत पांढरा दिसत होता. शोभना मोज्यांवर चपला घालून घोट्याएवढ्या बर्फात उभी होती, हात लांब करून, आणि तिचं लक्ष बर्फाकडे अजिबात नव्हतं. ती त्या काचेच्या फटीकडे बघत होती.

यंत्रात दहा मिनिटं उरली तेव्हा तिच्या वडीनं पुरेसा रंग धरला. तिनंच ती यंत्रात बसवली, निघालेली, जवळजवळ रिकामी झालेली हातात धरली आणि त्यांच्याजवळ बसली. हर्षल आपल्या वड्या ट्रंकेपाशी ठेवून ओवीकडे गेला होता, आणि तेनझिन आपली तिथेच ठेवून पुन्हा दरड बघायला गेला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "झाकणं मी उघडली होती ना?"

 भास्कररावांना नाही म्हणणं सोपं होतं. तेनझिनला उंचीचा त्रास वाटत होता, हर्षललाही. वड्या गरम पाण्यात का घातल्या, तर ओवीला प्राणवायू द्यायला, एवढं सांगितलं की पुरे होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठं खोटं त्यांनी सहज पचवलं होतं. नातीला आपण मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, हे त्या बाईनं कशासाठी ऐकायचं?

पण गुडघ्यांवर बसून ओवीचा आकडा बघत असल्यापासून त्यांच्या डोक्यात आणखी एक खोली उघडली होती. मनमाडची. घट्ट लावलेल्या खिडक्या, एसीची घरघर, पलंगाखाली चार उघडी झाकणं. नाकात नळी लावून निजलेले ते, आणि शेजारी नळी नसलेली शोभना. दोन वर्षं, रोज रात्री. इथल्याइतकं नाही, थोडं थोडं. आणि ज्या रात्री पिशवी गॅलरीत राहिली त्या रात्रीनंतर तिला सगळी स्टेशनं आठवली होती. हे तिला सांगायचं तर पहिलं लपवून चालणार नव्हतं. तिला वाचवणारी गोष्ट आणि मारणारी गोष्ट एकच होती.

"हो," ते म्हणाले. "तूच उघडलीस. मी बघत होतो, वर तुझं कौतुक केलं. या वड्या हवेतला प्राणवायू ओढतात शोभा, आणि बंद गाडीत तो आपल्याच वाट्याचा असतो."

तिचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिचं मनगट धरलं, कारण पुढचं ऐकायच्या आत ती उठून जाईल असं त्यांना वाटलं.

"आणि घरीही हेच होत होतं. पलंगाखाली, दारं-खिडक्या लावून. तुझं डोकं गेलेलं नाही. दोन वर्षं तुझ्या वाटची हवा मी खात होतो."

 तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी आत झालाही असेल, पण वर आला नाही.

"ओवीचा आकडा किती होता?" तिनं विचारलं.

"एकसष्ट."

तिनं मान हलवली. हातातली वडी त्यांच्या मांडीवर ठेवली, झाकण नीट उघडं आहे ना ते पाहिलं, आणि उठून गाडीकडे निघाली. ते म्हणाले, थांब, मी सांगतो हर्षलला, सावकाश. ती थांबली नाही.

गाडीच्या उघड्या दाराशी, बर्फात उभी राहून, ती बोलू लागली. वाऱ्यामुळे भास्कररावांना एक शब्द ऐकू येत नव्हता. फक्त दिसत होतं. ती हातांनी झाकण फिरवल्याची खूण करत होती, मग सीटखाली बोट दाखवत होती. काहीही राखून न ठेवता सांगायची तिची पद्धत होती. हर्षलचं तोंड उघडं राहिलं. केतकीनं ओवीला दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि सीटच्या पार कोपऱ्यात सरकली.

शोभनाचं बोलणं संपलं. ती तशीच उभी राहिली, रिकाम्या हातांनी. आत पाऊल टाकलं नाही.

केतकीनं पायाशी पडलेली पिशवी घेतली. तिच्या कप्प्यातून वड्यांबरोबर आलेली छोटी पुस्तिका काढली, चौदा भाषांतली, दोन वर्षांत कुणीही न उघडलेली. पानं उलटत मराठीपाशी आली. वाचलं, पुन्हा वाचलं. बंद जागेत झाकण उघडू नये, हे तिथे पहिल्यापासून छापलेलंच असणार. मग तिनं ती हर्षलकडे दिली आणि डोळे मिटून बसली. भास्कररावांना वाटलं, आपलं यंत्र बंद पडलंय की काय, इतकं छातीत अडकलं होतं.

केतकीनं डोळे उघडले. काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्दच. मग कोपऱ्यातून इकडे सरकली, शेजारची जागा हातानं झटकली, आणि शोभना चढून बसल्यावर तिनं ओवीला उचलून तिच्या मांडीवर दिलं. स्वतः खाली उतरली. हर्षललाही तिनं हाताला धरून खाली उतरवलं. आणि दोघं, मागे वळूनही न बघता, ट्रंकेजवळच्या वड्या घ्यायला भास्कररावांकडे चालत आली.

गाडीत आजी आणि नात दोघीच उरल्या होत्या. वारा थेट आत जात होता. शोभनानं ओवीची कानटोपी खाली ओढली, शाल तिच्याभोवती दोनदा गुंडाळली, आणि दार उघडंच ठेवलं.